शाळेची वाट: अंतर, वेग आणि सुरक्षितता

शाळेची इमारत, शिक्षक, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांचा विचार समाज व शासन नित्य करीत असतात. परंतु घराचा उंबरठा आणि शाळेचे फाटक यांमधील वाट बहुधा कोणाच्याच कक्षेत येत नाही. मूल मात्र त्या वाटेने प्रतिदिनी दोनदा जाते-येते. ही वाट पायाखाली मळली म्हणजे सुरक्षित झाली, असे नव्हे. ती विचारपूर्वक आखावी लागते. या आखणीमागील तत्त्वांची ओळख वाचकांना करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंतराचा परिणाम

शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याखाली केंद्राने २०१० मध्ये जे नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अशी चालत जाण्याची मर्यादा सांगितलेली आहे. माध्यमिक शाळा पुष्कळदा याहून दूर असते, आणि तेथेच मुलींचे शिक्षण खुंटते.

याचा पुरावा बिहारमध्ये मिळाला. त्या राज्याने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकल खरेदीसाठी २,००० रुपये देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा अभ्यास केला व तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतील मुलींचा योग्य वयातील प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढला आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. ही वाढ मुख्यतः शाळेपासून दूर असलेल्या गावांत झाली. शाळा जागची हलली नव्हती. तिच्याकडे जाण्याचे साधन तेवढे बदलले होते. तेव्हा शाळेची वाट हा केवळ रहदारीचा प्रश्न नसून शिक्षणाचाही प्रश्न होय.

वेगाचे गणित

वाटेवरील धोक्याचे मूळ वाहनाच्या वेगात असते. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर मोटार थांबण्यास आणखी सुमारे १४ मीटर लागतात; म्हणजे एकूण २८ मीटर. वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर हीच बेरीज ८ आणि ५ मिळून १३ मीटर होते.

आता १३ मीटरांवर एखादे मूल अकस्मात रस्त्यात आले अशी कल्पना करा. मंद मोटार त्याच्यापाशी पोचता पोचता थांबेल. वेगवान मोटारीच्या चालकाने मात्र तोवर ब्रेक दाबलेलाही नसेल. ती पूर्ण वेगाने आदळेल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तिच्या अंगची ऊर्जा मंद मोटारीच्या जवळजवळ पावणेतीन पट असते. मुले, पादचारी आणि वाहने जेथे एकत्र येतात तेथे वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे, ते याच कारणाने.

रस्ता ओलांडणे

सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास लहान मुलाला सुमारे ७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन जवळजवळ १०० मीटर पुढे येते. म्हणून ओलांडण्याच्या जागेवरून दोन्ही बाजूंस किमान १०० मीटर रस्ता स्पष्ट दिसला पाहिजे. वळण, चढ, जाहिरातीचा फलक किंवा कडेला उभा केलेला टेंपो दृष्टीआड येत असेल, तर ती जागा अयोग्य समजावी. रस्ता १४ मीटर रुंद असल्यास मध्यभागी उंच, सुरक्षित थांबा ठेवावा, म्हणजे मुलाला एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतील.

‘मुलांना नियम शिकवा म्हणजे झाले’, असे पुष्कळांना वाटते. नियम अवश्य शिकवावेत. परंतु स्वीडनमधील स्टीना सांडेल्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांची दृष्टी, श्रवण आणि अवधान ही रहदारीला पुरी पडण्याइतकी परिपक्व नसतात, असे दाखविले. येणाऱ्या वाहनाचा वेग ताशी ३२ किलोमीटरांहून अधिक असल्यास प्राथमिक शाळेतील मुलांना त्याचे जवळ येणे नीट ओळखता येईलच असे नाही, हे ब्रिटनमधील २०११ च्या संशोधनातून दिसले. म्हणजे मुलाला रस्त्याजोगे करण्याला मर्यादा आहेत. रस्ताच मुलाजोगा करावयास हवा.

वाट कशी आखावी

प्रथम गावाचा अथवा प्रभागाचा नकाशा घेऊन त्यावर प्रत्येक विद्यार्थ्याच्या घराचा ठिपका द्यावा. मुले प्रत्यक्ष ज्या वाटांनी येतात त्या रेषांनी दाखवाव्यात. पुष्कळ रेषा जेथे एकत्र मिळतात, त्या प्रमुख वाटा होत. नंतर शिक्षक, पालक आणि काही विद्यार्थी यांनी शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी त्या वाटांनी चालून जावे. तुटलेला पदपथ, उघडे गटार, रेल्वेचे फाटक, पावसाळ्यात भरणारा ओढा, दिव्याविना काळोखी गल्ली या सर्वांची नोंद करावी. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात धोक्याच्या जागा मुलांनाच विचारण्यात आल्या आणि त्यानुसार रस्त्यांत सुधारणा झाल्या. हा मार्ग अनुकरणीय आहे.

सुरक्षित पण फार लांबची वाट मुले स्वीकारीत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. जवळची वाट धोक्याची असेल, तर तिच्यावर बंदी घालण्यापेक्षा तिची दुरुस्ती करणे श्रेयस्कर. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा संकेत आहे. पदपथ मध्येच खंडित झाला की मूल वाहनांत उतरते, म्हणून त्याची अखंडता रुंदीइतकीच महत्त्वाची होय.

सायकलीसाठी त्या संस्थेने १९६२ मध्येच स्वतंत्र मार्गांची मानके प्रसिद्ध केली होती. वाहने मंद असतील तेथे सायकली त्यांच्यासमवेत चालू शकतात. जलद वाहने आणि ट्रक असतील तेथे मार्ग वेगळाच हवा. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला त्याच्या डाव्या अंगाची सायकल सहसा दिसत नाही. म्हणून चौकात सायकलींची थांबण्याची रेषा वाहनांच्या पुढे ठेवावी. शाळेचे फाटक शक्यतो आतील गल्लीकडे उघडावे आणि पालकांनी आपली वाहने काही अंतरावरच थांबवावीत. फाटकापुढील गर्दी बहुधा त्यांचीच असते.

पडताळा

एका शाळेच्या परिसरातील अपघातांची संख्या अल्प असते. तिच्यावरून सुधारणेचा निष्कर्ष त्वरित निघत नाही. परंतु वेग मोजता येतो. पदपथाच्या कडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि रस्त्यापासून दूर, शिक्षकांच्या देखरेखीखाली उभे राहून वाहनाला ते अंतर कापण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर; ३.६ सेकंद लागले तर ताशी ५०. गतिरोधक अथवा उंच पादचारी पट्टा बांधण्यापूर्वी आणि नंतर अशी मोजणी केली, म्हणजे उपाय लागू पडला की नाही ते कळते.

असा नकाशा आणि अशी नोंदवही हाती असली, की ग्रामपंचायत वा नगरपालिका यांच्यापुढे केवळ तक्रार न्यावी लागत नाही; अमुक जागी अमुक बदल हवा, असे पुराव्यानिशी सांगता येते. अपघात घडल्यावर गतिरोधक बांधले जातात, असा आपला सर्वसाधारण अनुभव आहे. ती मोजणी अपघातापूर्वी करणे कोणत्याही शाळेला शक्य आहे, आणि त्यासाठी एक फीत, एक घड्याळ व थोडी चिकाटी यांहून अधिक साहित्य लागत नाही.