ताम्बाची कुरी: वेचण्याचा हंगाम

सप्टेंबर लागला की जपानमधल्या ताम्बाच्या डोंगरांत बागायतदारांची सकाळ झाडाखाली वाकून सुरू होते. कुरी, म्हणजे जपानी चेस्टनट, तोडायची नसते. काटेरी बोंड पिकलं की आपसूक उकलतं, आणि तपकिरी, तुकतुकीत फळं खाली गळतात. पुष्कळदा अख्खं बोंडच जमिनीवर येतं. मग लांब चिमटा, पाठीला किंवा कमरेला टोपली आणि पायात जाड बूट. दोन्ही पायांनी बोंड दाबून फाकवायचं आणि आतली दोन-तीन फळं चिमट्यानं उचलायची. फळ कधी पडणार हे झाड ठरवतं. एकदा पडलं की मात्र माणसाला उसंत नाही. उन्हात ते सुकतं, पावसात कुजतं, आणि रात्री रानडुकरं येऊन जातात. म्हणून हंगामभर रोज वेचणी, सुट्टी नाही. ताम्बाच्या कुरीला जो भाव मिळतो, त्यातला मोठा वाटा मी या वाकलेल्या पाठींचा मानतो.

ताम्बा हा जुना प्रांत. आज त्याचा बराचसा भाग क्योतो आणि ह्योगो या दोन प्रशासकीय विभागांत वाटला गेला आहे. दऱ्याखोऱ्यांचा मुलूख, दिवसा ऊन आणि रात्री गारठा, शरदातल्या सकाळी दाट धुकं. इथली कुरी दहाव्या शतकातही राजधानीला पाठवली जात होती. ९२७ साली पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या दरबारी नियमसंग्रहात ताम्बाकडून येणाऱ्या कुरीची नोंद आहे. कुरीशी जपानी माणसाचं नातं याहून कितीतरी जुनं आहे. उत्तरेकडच्या आओमोरीतल्या सान्नाइ-मारुयामा या जोमोन काळच्या वस्तीत, हजारो वर्षांपूर्वी, लोक कुरी खात होते आणि तिच्याच लाकडाचे प्रचंड खांब उभारत होते.

उत्पादनात आज पहिला नंबर तोक्योजवळच्या इबाराकीचा. ताम्बाचं बळ नावात आहे, आणि ते नाव लोक किती जपतात हे २०१८ मध्ये दिसलं. शेजारी ‘ताम्बा’ नावाचं नवं शहर झाल्यामुळे आपली कुरी आणि काळं सोयाबीन नेमकं कुठलं, याचा घोळ होईल अशी भीती सासायामा शहराला वाटली. शहराचं नावच बदलावं का, यावर सार्वमत झालं, आणि १ मे २०१९ पासून ते ताम्बासासायामा झालं. पिकाच्या नावासाठी अख्ख्या शहरानं मतदान करावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

ताम्बाचा मानाचा वाण म्हणजे गिन्योसे. त्याचं मूळ ताम्बाला लागून असलेल्या, ओसाकाच्या उत्तर टोकावरच्या नोसे गावात. अठराव्या शतकात कुणीतरी हिरोशिमाकडून आणलेल्या फळांतून तो रुजला, आणि तेन्मेइच्या दुष्काळात (१७८२–८८) ही कुरी विकून चांदीचे पैसे गोळा झाले, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. फळ टपोरं, रुंद, साधारण २० ते २५ ग्रॅमचं. सप्टेंबरच्या अखेरीपासून ते पडू लागतं; त्याआधीच तान्झावा आणि त्सुकुबा हे वाण पडायला लागलेले असतात. बागेत वाण मिसळून लावावेच लागतात, कारण कुरीला स्वतःच्या वाणाचा पराग चालत नाही.

गिन्योसे टिकला तो एका संकटातून. १९४१ मध्ये ओकायामात एक बारीक परदेशी गांधीलमाशी सापडली. ती कोवळ्या डोळ्यांत अंडी घालते, तिथे गाठ धरते आणि फांदीची वाढच खुंटते. ती देशभर पसरली आणि किती तरी गावठी वाण नाहीसे झाले. गिन्योसेनं बऱ्यापैकी तग धरला. १९५९ मध्ये बाहेर आलेले तान्झावा आणि त्सुकुबा हे याच झगड्याचं फळ. पुढे माशीनं या वाणांवरही मात केली, तेव्हा चीनमधून तिचा नैसर्गिक शत्रू असलेली दुसरी माशी आणून १९८२ मध्ये सोडली, आणि तिनं हळूहळू जोर मोडला. फवारणीनं न झालेलं काम एका किड्यानं केलं.

वेचल्यावरही काम संपत नाही. एक सोंड्या भुंगा फळ झाडावर असतानाच त्यात अंडी घालतो. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून फळं ५० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात. मग कित्येक जण ती शून्य अंशाच्या आसपास, ओलावा राखून, महिनाभर ठेवतात. थंडीत आतल्या पिठूळपणाची साखर होत जाते आणि गोडी वाढते. आपल्याकडे आंबा उतरवल्यावर अढीत घालून वाट पाहतात, त्याच जातीचा हा धीर.

स्वयंपाकघरात खरी कसोटी सोलण्याची. जपानी कुरीला दोन साली: बाहेर टणक कवच, आत गराला चिकटून बसलेली पातळ तुरट साल. चिनी कुरीची आतली साल भाजल्यावर सुटते, जपानीची सुटत नाही. भातात घालायची तर दोन्ही साली सुरीनं काढून फळं तांदळाबरोबर मीठ आणि थोडी साके घालून शिजवतात. याउलट शिबुकावा-नी या गोड पदार्थात आतली साल तशीच ठेवायची असते. कवच काढताना सुरीचं टोक सालीत रुतलं, तर शिजताना फळ फुटतं. सोडा घालून उकळायचं, पाणी फेकायचं, शिरा बोटानं हळुवार पुसायच्या, पुन्हा उकळायचं, मग साखरेच्या पाकात मुरवायचं. एवढं करून जो गडद, मऊ, किंचित तुरट घास मिळतो, त्याची सर मला कुठल्याही माँ ब्लाँला, म्हणजे चेस्टनट क्रीमच्या मिठाईला, येत नाही.

२००७ मध्ये नोंदला गेलेला पोरोतान हा वाण ही कटकट संपवतो: चीर देऊन गरम केला की आतली सालही निघून येते. अनेक वर्षांच्या संकरातून सरकारी संशोधकांनी तो मिळवला, आणि सोलण्याच्या धास्तीनं कच्ची कुरी विकत न घेणाऱ्या घरांसाठी तो वरदान आहे. ताम्बाची अडचण मात्र त्याच्याही आधी, झाडाखालीच सुरू होते. वेचणारे हात म्हातारे होत चालले आहेत. म्हणून बागायतदार उंच झाडं छाटून बुटकी ठेवतात. ऊन आतल्या फांद्यांना लागतं, फळ टपोरं होतं, आणि छाटणीसाठी वयस्कर माणसाला शिडी चढावी लागत नाही. जुन्या झाडांच्या जागी कलमं लावतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांच्याखालीही बोंडं पडू लागतात.