मैदानाआधीची रांग

टोकियो ऑलिंपिकमधली नीरज चोप्राची सुवर्णफेक आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पण त्याच्या भाल्याने ८० मीटरची रेघ पहिल्यांदा ओलांडली ती २०१५ सालच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धेत, पतियाळाला. अंतर भरलं ८१.०४ मीटर. नीरज तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा कॉलेजकुमार होता. त्याच्याही कितीतरी आधी, १९७०-७१च्या मोसमात, मुंबई विद्यापीठाकडून खेळताना सुनील गावसकरने रोहिंटन बारिया करंडकात गुजरात विद्यापीठाविरुद्ध ३२७ धावा कुटल्या होत्या. त्यानंतर वेस्ट इंडीजमध्ये पदार्पणाच्याच मालिकेत त्याने ७७४ धावांचा डोंगर रचला.

असे खेळाडू ज्या वाटेने वर येतात, ती वाट सांभाळतं कोण? क्रीडा मंत्रालय किंवा ऑलिंपिक संघटना, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात हा कारभार विद्यापीठांनी स्वतःच उभारलेली एक संस्था पाहते. तिचं नाव भारतीय विश्वविद्यालय संघ. जिमखान्याच्या बोलीत ‘एआययू’. १९२५ साली ती आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झाली आणि १९७३मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पदव्यांची समकक्षता ठरवणं, कुलगुरूंच्या परिषदा भरवणं ही तिची मुख्य कामं, आणि खेळ हा त्यातला एक विभाग. आज हजाराहून अधिक विद्यापीठं तिची सभासद आहेत.

कॉलेज ते ऑल इंडिया

शिडीची पहिली पायरी म्हणजे कॉलेजचा संघ. त्याच्यावर विद्यापीठाच्या हद्दीतले विभाग, म्हणजे झोन. झोनमधून आंतरविभागीय स्पर्धा, तिथून निवड चाचणी, मग काही दिवसांचं शिबिर आणि शेवटी छातीवर विद्यापीठाचं नाव. ज्याला हा मान मिळतो तो ‘कलर होल्डर’. त्याचा ब्लेझर घरात वर्षानुवर्षं जपला जातो.

विद्यापीठाबाहेर पडलं की एआययूचे चार विभाग लागतात : उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून ‘वेस्ट झोन’ होतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांसारख्या सांघिक खेळांत आधी बाद पद्धतीने सामने होतात आणि उरलेले चार संघ एकमेकांशी साखळीत भिडतात. प्रत्येक विभागातले हे चार म्हणजे एकूण सोळा संघ आंतरविभागीय ‘ऑल इंडिया’ गाठतात. कुस्ती, मुष्टियुद्ध, मैदानी खेळ अशा वैयक्तिक प्रकारांत मात्र खेळाडू थेट अखिल भारतीय स्पर्धेत उतरतात.

एआययूकडे स्वतःची मैदानं नाहीत, वसतिगृहं नाहीत, पंचांचा फौजफाटाही नाही. दर वर्षी कोणती स्पर्धा कोण भरवणार याचं वाटप होतं आणि यजमानपद घेणारं विद्यापीठ मैदान, पंच, राहण्याची सोय हे सगळं पाहतं. पाहुणे संघ प्रवासाचा आणि भत्त्याचा खर्च आपापल्या विद्यापीठाकडून आणतात. त्या खर्चात प्रत्येक विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी भरलेल्या जिमखाना फीचाही वाटा असतो.

फाईल उघडते तेव्हा

वेस्ट झोनच्या पहिल्या सामन्याआधी काय चालतं ते एकदा पाहावं. टेबलामागे यजमानांची पात्रता समिती बसलेली असते आणि समोर संघ व्यवस्थापक जाडजूड फाईल घेऊन उभा असतो. त्याच्या पाठीशी खेळाडूंची रांग. रात्रभराच्या रेल्वेप्रवासाने डोळे तांबारलेले, पायात स्लिपर, खांद्यावर किटबॅग. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाचा प्रवेश, ओळखपत्र, कुलसचिवांची सही आणि फोटोवर शिक्का. खेळाडू नियमित विद्यार्थी असावा लागतो, वय सतरा ते पंचवीसच्या आत लागतं आणि एका वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. एखादा कागद राहिला की व्यवस्थापकाचा फोन कॉलेजच्या ऑफिसात खणखणतो आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागतो. समोरच्या संघाने ‘प्रोटेस्ट’ नोंदवला तर जिंकलेला सामनाही हातचा जाऊ शकतो.

हा काच उगाच नाही. करंडकांच्या ओढीने भाडोत्री खेळाडू आणण्याचा मोह प्रत्येक पिढीत होतो, आणि कागद नसते तर विद्यापीठाच्या खेळात विद्यार्थीच उरला नसता.

मानाचा करंडक, नवा मंच

या मोहाच्या मुळाशी आहे मौलाना अबुल कलाम आझाद करंडक, ऊर्फ ‘माका ट्रॉफी’. १९५६-५७पासून तो वर्षभरातल्या सर्वोत्तम सर्वांगीण कामगिरीसाठी एका विद्यापीठाला मिळतो, तोही अर्जुन आणि खेलरत्न पुरस्कारांच्या बरोबरीने, राष्ट्रपतींच्या हस्ते. त्यावर पंजाबचा पगडा जुना आहे. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसपेक्षा जास्त वेळा नेला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रशिक्षक आणि खुराक यांचा मेळ तिथे फार आधी जमला. दक्षिणेत मूडबिद्रीच्या आळ्वाज महाविद्यालयाच्या खेळाडूंच्या जोरावर मंगळूर विद्यापीठाने मैदानी खेळांत असाच दबदबा कमावला. २०२४च्या पुरस्कारांत माका ट्रॉफी चंदीगड विद्यापीठ या खासगी विद्यापीठाकडे गेली.

२०२०मध्ये ‘खेलो इंडिया’ने विद्यापीठांसाठी वेगळा मंच उभा केला. ऑल इंडियातले पहिले आठच तिथे पोचतात, म्हणजे पाया एआययूचाच. भुवनेश्वरच्या त्या पहिल्या स्पर्धेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि चंदीगडचं पंजाब विद्यापीठ यांची सुवर्णपदकं सारखीच, १७-१७. रौप्यपदकांत मागे पडल्यामुळे पुण्याचं विजेतेपद हुकलं. आपल्याकडची मुलं कमी नाहीत, याचा तो रोकडा पुरावा.

देशाबाहेरचं दार

शिडीची शेवटची पायरी म्हणजे दर दोन वर्षांनी होणाऱ्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. १९५९मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात त्या ‘युनिव्हर्सियाड’ या नावाने सुरू झाल्या. २०१९ला नेपल्समध्ये द्युती चंदने शंभर मीटर ११.३२ सेकंदांत धावून सुवर्ण जिंकलं. चेंगडूच्या स्पर्धेत, २०२३ साली, भारताने ११ सुवर्णांसह २६ पदकं आणली. २०२५ला जर्मनीतल्या ऱ्हाइन-रूर स्पर्धेत महाराष्ट्राच्या साहिल जाधवने कंपाउंड तिरंदाजीचं सुवर्ण १४९-१४८ अशा एका गुणाने पटकावलं.

त्याच ऱ्हाइन-रूरमध्ये एक प्रकार घडला. बॅडमिंटनच्या मिश्र संघात बारा खेळाडू नेले होते, पण व्यवस्थापकांच्या बैठकीत सहाच नावं दिली गेली. संघाला कांस्यपदक मिळालं, आणि उरलेले सहा जण एकही सामना न खेळता घरी परतले. खेळाडूंनी उघड तक्रार केली, एआययूने चौकशी लावली आणि एका अधिकाऱ्याला निलंबित केलं. कॉलेजच्या मुलाकडून एकेक शिक्का मागणाऱ्या यंत्रणेला आपली स्वतःची यादी नीट देता आली नाही.

म्हणून शिस्तीचा हिशेब वरूनही मागायला हवा. प्रवेशिका, निवडीचे निकष, संघाबरोबर जाणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं खेळाडूंना आधी दिसली पाहिजेत. सत्र परीक्षा आणि वेस्ट झोन एकाच आठवड्यात आले तर परीक्षा नंतर देण्याची हमी कुलगुरूंनी लेखी द्यावी. आज ती बहुधा विभागप्रमुखाच्या मर्जीवर असते. आणि सगळ्यात आधी, प्रत्येक कॉलेजात पूर्णवेळ फिजिकल डायरेक्टर हवा. कित्येक ठिकाणी ते पद रिकामं आहे किंवा दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून दिलेलं आहे. गावाकडून आलेल्या एखाद्या मुलीचा धावण्याचा वेग हेरून तिला चाचणीला नेणारं माणूस कॉलेजात नसेल, तर तिच्यासाठी ही शिडी सुरूच होत नाही.