विश्लेषण : नियम बदलला की सॉफ्टवेअर का अडते? कोडला हात न लावता बदल कसा करता येतो?

जीएसटीचे दर बदलतात, वाहन क्रमांकाची रचना बदलते, बँकेच्या खातेउताऱ्यात नवा रकाना येतो. अशा वेळी काही दुकाने आणि कार्यालये ‘सॉफ्टवेअर अपडेट होईपर्यंत थांबा’ असे सांगतात, तर काहींचे काम दुसऱ्या दिवशीही सुरळीत सुरू असते. हा फरक कशामुळे पडतो?

वाहन क्रमांकात काय बदलले?

महाराष्ट्रातील वाहन क्रमांक म्हटले की ‘एमएच १२ एबी १२३४’ अशी रचना डोळ्यांसमोर येते. आधी राज्याची दोन अक्षरे, मग आरटीओचा क्रमांक, मग मालिका आणि शेवटी चार आकडे. १५ सप्टेंबर २०२१ पासून देशात ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका लागू झाली. केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, संरक्षण दलातील कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती घेता येते. बदली झाल्यावर दुसऱ्या राज्यात वाहनाची पुन्हा नोंदणी करावी लागू नये, हा तिचा उद्देश. यात क्रमांक नोंदणीच्या वर्षाने सुरू होतो. उदाहरणार्थ ‘२२ बीएच १२३४ एए’.

माणसाला हा फरक एका नजरेत कळतो. प्रोग्रामला तो आपोआप कळत नाही. ‘पहिली दोन अक्षरेच हवीत’ अशी तपासणी ज्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये पक्की बसवलेली असते, ते बीएच क्रमांक ‘अवैध’ ठरवते. वाहन खरे, नोंदणी खरी, तरीही सोसायटीच्या पार्किंगचा किंवा विम्याचा अर्ज पुढे सरकत नाही. मालकाला मात्र आपले काय चुकले, हेच समजत नाही.

नेमकी चूक कुठे होते?

प्रोग्राममध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, काम करण्याची पद्धत. दोन, त्या कामासाठी लागणारी माहिती, म्हणजे दर, मर्यादा, क्रमांकांची रचना, रकान्यांची नावे. पद्धत सहसा टिकून राहते, माहिती वारंवार बदलते. दोन्ही एकाच कोडमध्ये मिसळल्या की एक आकडा बदलण्यासाठीही प्रोग्रामर बोलवावा लागतो. त्याने कोड बदलायचा, चाचणी घ्यायची आणि नवी आवृत्ती प्रत्येक संगणकावर चढवायची.

उपाय जुना आणि सोपा आहे. बदलणारी माहिती कोडबाहेर, एखाद्या तक्त्यात किंवा सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवायची. प्रोग्रामने दर वेळी तो तक्ता वाचून काम करायचे. वाहन क्रमांकाच्या मान्य रचना अशा तक्त्यात असतील, तर बीएचसाठी त्यात एक ओळ वाढवली की झाले.

जीएसटी बदलाने काय दाखवले?

जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दरांची फेररचना केली आणि बहुतेक वस्तूंसाठी ती २२ सप्टेंबरपासून लागू झाली. १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतील बहुतांश वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या, काही निवडक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर ठरला. व्यापाऱ्यांच्या हाती तीन आठवड्यांहूनही कमी वेळ होता. ज्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दर ‘आयटम मास्टर’मध्ये होते, त्यांना ते स्वतः बदलता येत होते.

मात्र जुना दर पुसून नवा लिहिणे पुरेसे नसते. २० सप्टेंबरला विकलेला माल ग्राहकाने २५ सप्टेंबरला परत केला, तर त्याची क्रेडिट नोट मूळ विक्रीच्या दरानेच काढावी लागते. म्हणून चांगल्या तक्त्यात दराशेजारी ‘कधीपासून लागू’ हाही रकाना असतो. प्रोग्राम बिलाची तारीख पाहून योग्य दर उचलतो आणि नवा दर आधीच भरून ठेवता येतो.

रकान्याची जागा पाहायची की नाव?

समजा, एक सॉफ्टवेअर बँकेचा खातेउतारा वाचते आणि ‘पाचवा रकाना म्हणजे रक्कम’ असे धरून चालते. उद्या बँकेने मध्येच चेक क्रमांकाचा रकाना टाकला, की रक्कम सहाव्या रकान्यात जाते आणि हिशेबात भलताच आकडा येतो. यात ‘एरर’ दिसेलच असे नाही, हा मोठा धोका.

त्याऐवजी सॉफ्टवेअरने रकान्याचे नाव शोधले, तर जागा बदलली तरी काम चालते. एक्सएमएल आणि जेसन या माहिती देवाणघेवाणीच्या प्रकारांत प्रत्येक माहितीसोबत तिचे नाव असते, ते याचसाठी. अनोळखी रकाना दिसला तर तो बाजूला ठेवून पुढे जायचे, पण आवश्यक रकानाच नसेल तर थांबून स्पष्ट सांगायचे, हा यातील रूढ नियम.

मग धोका उरतच नाही का?

उरतो. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील विमानतळ, बँका आणि रुग्णालयांतील संगणक निळ्या पडद्यावर थांबले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला. कारण होते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक माहिती-फाइल. त्या दिवशी पाठवलेला बदल प्रोग्रामचा नव्हता, फक्त त्याला पुरवल्या जाणाऱ्या माहितीचा होता. नव्या फाइलमुळे २१ वी नोंद वाचण्याची वेळ आली, पण प्रोग्राम २० नोंदीच पुरवत होता. फाइल तपासणाऱ्या यंत्रणेलाही ही तफावत दिसली नाही.

म्हणजे कोडला हात लावला नाही, म्हणून तपासणी टाळता येत नाही. तक्त्यातील बदलही आधी थोड्या संगणकांवर वापरून पाहावा लागतो, त्याचा जुना पाठ जपावा लागतो आणि तो कोणी, कधी केला याची नोंद ठेवावी लागते.

सगळेच बदल तक्त्यात मावतात का?

नाही. १ जुलै २०१७ रोजी व्हॅट जाऊन जीएसटी आला, तेव्हा केवळ दर बदलले नव्हते. राज्यांतर्गत विक्रीवर सीजीएसटी आणि एसजीएसटी, तर परराज्यातील विक्रीवर आयजीएसटी, अशी हिशेबाची पद्धतच बदलली. अशा वेळी कोड बदलणे अटळ असते. शिवाय जे कधीच बदलणार नाही तेही तक्त्यात घातले, तर सेटिंगच इतकी गुंतागुंतीची होते की तिच्यासाठी वेगळा तज्ज्ञ लागतो.

सॉफ्टवेअर घेताना काय विचारावे?

दुकानदार, पतसंस्था किंवा सोसायटीने पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. दर आणि क्रमांकांची रचना आम्हाला स्वतः बदलता येईल का? नवा नियम पुढच्या तारखेपासून लावता येईल का? चुकीचा बदल मागे घेता येईल का? बदलाचा अधिकार ठरावीक व्यक्तीपुरता ठेवता येईल का? ‘फोन करा, आम्ही करून देऊ’ एवढेच उत्तर मिळाले, तर पुढच्या प्रत्येक नियमबदलाला त्या फोनची वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागेल.