डोंगर जागेवरच होता

१५ जून २०२५, रविवार. गुप्तकाशीच्या हेलिपॅडवरून पहाटे ५.१० वाजता एक बेल ४०७ हेलिकॉप्टर उडाले. ५.१८ ला केदारनाथला उतरले आणि ५.१९ ला तिथून परत निघाले. केदारनाथचा मुक्काम एक मिनिट! या शटल सेवेत रोटर थांबवत नाहीत. उतरणारे वाकून उतरतात, चढणारे वाकून चढतात, हेलिपॅडवरचा माणूस दार लावून अंगठा वर करतो. परतीच्या वाटेवर गौरीकुंडाच्या वरच्या जंगलात ते हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले. पायलटसह सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे एक जोडपे होते आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी.

त्याच दिवशी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्राथमिक कारण सांगून टाकले: सीएफआयटी. लांबवून म्हणायचे तर ‘कंट्रोल्ड फ्लाइट इंटू टेरेन’. या शब्दांतली खोच पाहण्यासारखी आहे. इंजिन बंद पडलेले नाही, रोटर तुटलेला नाही, पायलट बेशुद्ध नाही. धडधाकट यंत्र, धडधाकट माणूस, सगळे काही ताब्यात. आणि त्या ताब्यात असतानाच यंत्र जमिनीत शिरते. आपल्याकडे घाटात गाडी दरीत गेली की पहिला प्रश्न असतो, ब्रेक फेल का? इथे ब्रेक शाबूत असतात. डोंगरही जागचा हललेला नसतो. मग दोष कुणाचा?

उत्तर तयारच असते. ज्याच्या हातात दांडा होता त्याचा. तो बहुतेक वेळा हयात नसतो, त्यामुळे उलट बोलत नाही.

आधी हे घडते कसे ते पाहू. एसटी स्टँडवर आपली गाडी उभी असते, शेजारची गाडी मागे सरकते आणि क्षणभर वाटते, आपलीच सुटली. खिडकीतून फलाटाचा खांब दिसला की जीव भांड्यात पडतो. पायलटच्या दृष्टीने तो खांब म्हणजे क्षितिज. ढगात शिरला की क्षितिज जाते आणि शरीराचा तोल कानाच्या भरवशावर राहतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत द्रव आहे. वळायला लागले की द्रव मागे राहतो, म्हणून वळण कळते. पण तेच वळण दहा-वीस सेकंद एकसारखे चालू राहिले, तर द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. खरोखर सरळ केले, तर उलट्या बाजूला कलल्यासारखे वाटते. माणूस मग ‘दुरुस्ती’ करतो, आणि ती दुरुस्तीच त्याला खाली नेते.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हे मोजून पाहिले होते. यंत्रांकडे बघून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना विमानात बसवून त्यांना बाहेरचे दिसेनासे केले. विसांपैकी वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. जेमतेम तीन मिनिटे.

ते विमान होते. हेलिकॉप्टरचे त्याहून अवघड. साधे विमान नीट जुळवून ठेवले तर हात सोडला तरी काही वेळ सरळ जाते. छोटे हेलिकॉप्टर ऑटोपायलटशिवाय तसे जात नाही, दांडा सतत सावरावा लागतो. शिवाय ते उडते जमिनीलगत, कारण त्याचे कामच तिथे असते: दरीत, गच्चीवर, प्रचारसभेच्या मैदानात, तेलविहिरीच्या फलाटावर. तिथे वाट दाखवणारी यंत्रणा नसते. डोळ्यांनी बघून उडायचे. दिसेनासे झाले तर मागे वळायचे किंवा उतरायचे, हा नियम. नियम सोपा आहे. पण मागे वळायचे असते ते ढगात शिरण्याआधी, आणि ढगात शिरण्याआधी थोडे पुढचे नेहमी दिसत असते.

२६ जानेवारी २०२० ला लॉस एंजेलिसजवळ कॅलाबासासच्या टेकड्यांवर बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची मुलगी आणि इतर सात जण असेच गेले. पायलटने शेवटी रेडिओवर सांगितले की तो चार हजार फुटांवर चढतो आहे. त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळून खाली येत होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या शरीराने त्याला तसे सांगितले होते. तपास संस्थेने वर्षभराने ठपका ठेवला पायलटच्या निर्णयावर, आणि जोडीला दोन गोष्टी नोंदवल्या: ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचेच हा त्याने स्वतःवर घेतलेला दबाव, आणि कंपनीची सुरक्षेवरची ढिली देखरेख.

पण दोषाचा प्रश्न किती चिवट असू शकतो हे पाहायचे तर स्कॉटलंडला जावे लागते.

२ जून १९९४. उत्तर आयर्लंडमधल्या ऑल्डरग्रोव्ह तळावरून ब्रिटिश हवाई दलाचे चिनूक हेलिकॉप्टर, क्रमांक झेडडी ५७६, संध्याकाळी ५.४२ ला निघाले. चौघे कर्मचारी आणि पंचवीस प्रवासी. प्रवासी साधे नव्हते. उत्तर आयर्लंडमधला दहशतवाद हाताळणाऱ्या पोलीस, लष्कर आणि एमआय ५ या गुप्तचर संस्थेतले ते वरिष्ठ अधिकारी, इन्व्हर्नेसजवळच्या फोर्ट जॉर्जला बैठकीसाठी निघालेले. एवढी माणसे एकाच यंत्रात बसवावीत का, हा प्रश्न कुणी विचारला असेल तर नंतरच. सहाच्या सुमारास स्कॉटलंडच्या मल ऑफ किंटायर या भूशिरावर, दीपगृहाच्या वरच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८१० फुटांवर चिनूक आदळले. कुणी वाचले नाही.

टेकडीवर धुके होते. तिथल्या लोकांनी आवाज ऐकला, यंत्र दिसले नाही. समुद्रात शिडाच्या नौकेतून जाणाऱ्या एकाने मात्र काही वेळ आधी ते ढगाखालून, उजेडात जाताना पाहिले होते. हेलिकॉप्टरमध्ये ब्लॅक बॉक्स नव्हता. ना आवाजाची नोंद, ना उड्डाणाची. दिशादर्शक संगणकाच्या स्मृतीत एक गोष्ट उरली होती. आदळण्याच्या काही सेकंद आधी कुणीतरी पुढचा टप्पा निवडला होता. दीपगृहाचा टप्पा जवळपास गाठला म्हणून त्यानंतरचा.

एवढ्या एका बटणावर पुढची सतरा वर्षे वाद झाला.

फ्लाइट लेफ्टनंट जोनाथन टॅपर आणि रिचर्ड कुक हे दोघे विशेष मोहिमांसाठी निवडलेले वैमानिक होते. हवाई दलाच्या चौकशी मंडळाला त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्याइतके काही सापडले नाही. तो अहवाल वर गेला, आणि १९९५ मध्ये एअर व्हाइस मार्शल जॉन डे आणि एअर चीफ मार्शल सर विल्यम रॅटन यांनी शेरा मारला: घोर निष्काळजीपणा. त्यांचे म्हणणे असे की समोर ढगाने झाकलेली टेकडी दिसत असताना इतक्या वेगाने, इतक्या खालून तिच्याकडे जायचेच कशाला? वळायला हवे होते, नाहीतर वेळेत वर चढायला हवे होते. युक्तिवाद बिनबुडाचा नव्हता. मलाही पहिल्यांदा वाचताना पटला होता.

पण हवाई दलाचाच त्या वेळचा नियम असा होता की दिवंगत वैमानिकाला निष्काळजी ठरवायचे तर तिळमात्रही शंका उरता कामा नये. आणि शंका तर पोत्याने होत्या. हे चिनूकचे नवे, एमके २ रूप होते. इंजिनाला इंधन किती द्यायचे हे त्यात संगणक ठरवत होता. ती प्रणाली तपासायला दिलेल्या कंपनीने संगणकाच्या आज्ञावलीचा जेमतेम अठरा टक्के भाग वाचून ४८५ त्रुटी काढल्या आणि हात टेकले. बॉस्कोम डाउन इथल्या लष्करी चाचणी केंद्राच्या वैमानिकांनी या नव्या चिनूकच्या चाचण्या थांबवल्या होत्या. यंत्र सेवेत मात्र होतेच. टॅपरने या कामासाठी जुने चिनूक मिळावे म्हणून विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. नव्या यंत्राला बर्फ साठेल अशा थंड ढगांत शिरण्याची परवानगी नव्हती. म्हणजे त्या वाटेवर सुरक्षित उंचीला चढायचा मार्ग कागदावरच बंद, आणि नंतर विचारायचे, वर का नाही चढलात?

१९९६ च्या स्कॉटिश न्यायालयीन चौकशीत शेरीफना वैमानिकांचा दोष सिद्ध झालेला दिसला नाही. २००२ मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने सांगितले की एअर मार्शलांचा निष्कर्ष टिकत नाही. संरक्षण मंत्रालय हलले नाही. अपघाताच्या वेळी संरक्षणमंत्री असलेले माल्कम रिफकिंड नंतर स्वतःच म्हणू लागले की हा ठपका काढावा. टॅपर आणि कुक यांच्या वडिलांनी ही लढाई सोडली नाही. अखेर लॉर्ड फिलिप यांच्या समितीच्या अहवालावरून १३ जुलै २०११ रोजी संरक्षणमंत्री लियाम फॉक्स यांनी संसदेत ठपका रद्द केला आणि कुटुंबांची माफी मागितली.

इथे एक गोष्ट निसटते. ठपका रद्द झाला याचा अर्थ यंत्राचा दोष सिद्ध झाला असा नाही. संगणकामुळेच अपघात झाला याचा पुरावा तेव्हाही नव्हता, आजही नाही. ‘दोष कुणाचा’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ हे उत्तर सरकारी कागदावर यायला सतरा वर्षे लागली, इतकेच. काही कागदपत्रे शंभर वर्षांसाठी सीलबंद आहेत, २०९४ पर्यंत. मृत प्रवाशांची कुटुंबे अजून चौकशी मागत आहेत.

आपल्याकडचा याचा जुळा भाऊ म्हणजे कुन्नूर. ८ डिसेंबर २०२१. संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांना घेऊन एमआय १७ व्ही ५ सुलूरहून ११.४८ ला निघाले, वेलिंग्टनला १२.१५ पर्यंत पोहोचायचे होते. १२.०८ ला संपर्क तुटला. निलगिरीच्या रेल्वेरुळांवर उभ्या असलेल्या पर्यटकांनी घेतलेली ती छोटी चित्रफीत अनेकांना आठवत असेल. हेलिकॉप्टर येते, धुक्यात शिरते, दिसेनासे होते, मग आवाजही थांबतो आणि चालणारी माणसे थबकतात. हेलिकॉप्टरमधल्या चौदांपैकी तेरा त्या दिवशी गेले. ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवडाभर झुंजले.

तिन्ही दलांच्या संयुक्त चौकशीचा निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. घातपात नाही, यांत्रिक बिघाड नाही, निष्काळजीपणाही नाही. दरीतले हवामान अचानक पालटले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान हरपले, सीएफआयटी. वाक्य काळजीपूर्वक बांधलेले होते. जवळपास तीन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला. त्यात हवाई दलाच्या ३४ अपघातांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे कारणाचा रकाना. कुन्नूरच्या ओळीत लिहिले आहे: मानवी चूक, वैमानिक. हवामान, दरी, दिशाभान, काही नाही. रकान्यात मावत नाही म्हणून गळले असेल. पण वर्तमानपत्रांनी उचलला तो रकाना.

दिशाभान हरपणे ही चूक म्हणायची का, हा प्रश्न मला शब्दांचा खेळ वाटत नाही. मोतीबिंदू असलेल्या माणसाला पायरी दिसली नाही तर आपण त्याला बेफिकीर म्हणत नाही. हां, पण त्याला अंधाऱ्या जिन्यावरून रोज ये-जा करायला कुणी लावले, हे विचारतो. विचारायला हवे.

केदारनाथची दरी हा तो जिना. हेलिपॅड समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर. हवा विरळ, म्हणून रोटरला धरायला हवाच कमी. एक इंजिन, एक पायलट. दरी इतकी अरुंद की ढग खाली आला तर वळायला जागा शोधावी लागते. आणि भाडे फेऱ्यांवर ठरलेले. सकाळचे काही तास हवा स्वच्छ, तेवढ्यात जितक्या होतील तितक्या फेऱ्या. हेलिपॅडवर वजनकाटा असतो, ठराविक किलोंच्या वर गेलात तर जादा पैसे. वजनाचा हिशेब असा किलोकिलोने होतो. ढगाचा हिशेब मात्र पायलटच्या नजरेवर सोडलेला.

२०२५ च्या यात्रेत १५ जूनचा अपघात हा सहा आठवड्यांतला पाचवा प्रसंग होता. ८ मे रोजी गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीजवळ सहा जण गेले. रस्त्यावर उतरण्याच्या प्रयत्नात रोटर वरून गेलेल्या केबलला लागला, असे प्राथमिक तपासात दिसले. केदारनाथला उतरताना एका हवाई रुग्णवाहिकेची शेपटी तुटली. एक हेलिकॉप्टर गुप्तकाशीजवळ थेट रस्त्यावर उतरवावे लागले. सगळे पायलट एकाच वेळी निष्काळजी झाले, असे मानायचे असेल तर मानता येईल.

१५ जूननंतर शटल सेवा थांबवली गेली. ते हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीचे काम बंद केले, तिच्या जबाबदार अधिकाऱ्यांवर पोलिसांत गुन्हा नोंदला. त्या सकाळी खराब हवेत उडालेल्या दुसऱ्या कंपनीच्या दोन पायलटांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. म्हणजे त्याच ढगात आणखी दोघे होते, ते सुखरूप पोहोचले. पोहोचले म्हणून त्यांना उत्तर देता आले.

गुन्ह्याच्या तक्रारीतली एक नोंद मला पुन्हा पुन्हा आठवते. त्या हेलिकॉप्टरला ठरवून दिलेली वेळ सकाळी सहा ते सातची होती. ते निघाले ५.१० ला. पहिली फेरी सहाच्या आधीच उरकली, तर त्या दिवशी एक फेरी जास्त होते.