कुत्रा खाली बसला म्हणजे काय?



हा लेख एका वादातून निघाला. मधल्या सुटीत आमच्या वर्गातला एक मुलगा सांगत होता की त्याच्या काकांनी नागपूरच्या विमानतळावर पोलिसी कुत्रा पाहिला. कुत्रा बॅगा हुंगत फिरत होता. भुंकत नव्हता, कोणाच्या अंगावर जात नव्हता. दुसरा म्हणाला, "भुंकत नाही त मंग काय कामाचा? बॉम्ब सापडला त सांगन कसा?" एक मुलगी म्हणाली, "खाली बसते तो." सगळे हसले. पण बरोबर तिचेच होते.

मग मागच्या रांगेतल्या एकाने विचारले, "माहे बाबा विहिरीवर ब्लास्टिंगले जाते. ते विमानतळावर गेले त कुत्रं त्यायच्यापाशी बसन काय?"

यावर कोणी हसले नाही. आपल्या भागात विहीर खोदताना खडक लागला की सुरुंग लावावाच लागतो. ते काम करणारी माणसे आपल्याच गावची, आपल्याच घरची आहेत. गुरुजी म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. शोधून काढा आणि भित्तिपत्रकात लावा." म्हणून हे लिहिले.

आधी नाकाचे पाहू. जागलीला जाणारी माणसे कुत्रा सोबत का नेतात? रानडुकरे पऱ्हाटीत शिरायच्या आधीच कुत्रा उठून उभा राहतो. आपल्याला ना दिसलेले असते, ना ऐकू आलेले. कुत्र्याला मात्र वाऱ्यावरून बातमी मिळालेली असते. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे कमीजास्त, २० ते ३० कोटी असतात. आणि नुसत्या पेशी जास्त आहेत एवढेच नाही. आपण श्वास घेतो आणि त्याच वाटेने सोडतो. कुत्रा हुंगताना हवा समोरून आत घेतो आणि नाकपुडीच्या बाजूला ज्या फटी असतात त्यातून बाहेर सोडतो. त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. हुंगण्याचा वेग म्हणाल तर सेकंदाला पाच वेळा. नाकाचा शेंडा ओला असतो तोही उगाच नाही, वासाचे कण त्याला चिकटतात.

आणखी एक गंमत. घरी वांग्याची भाजी शिजत असली की आपण अंगणातून म्हणतो, "आज वांग्याची भाजी!" कुत्र्याला तेल वेगळे, हळद वेगळी, लसूण वेगळा, वांगे वेगळे असे सुटे सुटे वास येतात म्हणतात. म्हणून कोणी वाईट वस्तू अत्तरात किंवा मसाल्यात गुंडाळून नेली, तरी कुत्र्याला अत्तराचा वास येतो आणि त्याच्यासोबत त्या वस्तूचाही येतो. आरडीएक्स नावाच्या भयंकर स्फोटकाला स्वतःचा वास फारच थोडा असतो. ते तयार करताना त्यात जी दुसरी द्रव्ये मिसळतात त्यांच्या वासावरूनही कुत्रा त्याला पकडतो.

आता शिकवणी. आम्हाला वाटत होते की कुत्र्याला बॉम्ब म्हणजे काय ते समजावून सांगत असतील. तसे काही नाही. कुत्र्याला बॉम्ब माहीतच नसतो. त्याला माहीत असतो चेंडू. एका डब्यात स्फोटकाचा नमुना ठेवतात, बाकीच्या डब्यांत काहीबाही ठेवतात. त्या डब्याजवळ कुत्रा थांबला की त्याला लगेच चेंडू मिळतो, नाही तर खाऊ मिळतो. असे शेकडो वेळा झाले की कुत्र्याच्या डोक्यात पक्के बसते, हा वास आला म्हणजे आपला खेळ आला. मग डबा जाऊन पेटी येते, पेटी जाऊन मोटार येते, शेवटी गर्दी आणि गोंगाट येतो. हे शिक्षण साधारण सहा महिने चालते. आपल्या राज्याच्या पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्याला आहे. कुत्र्यासोबत त्याचा माणूसही शिकतो. त्याला श्वान हस्तक म्हणतात. दोघांची जोडी एकदा जमली की सहसा मोडत नाहीत.

कुत्रा खाली का बसतो, ते आता सांगतो. स्फोटक सापडल्यावर त्याने भुंकले, पंजाने खरवडले किंवा तोंडात धरून ओढले तर? जागीच स्फोट व्हायचा. म्हणून बॉम्बशोधक कुत्र्याला शिकवतात की वास आला तर गप खाली बस आणि तिकडे बघत राहा, हात लावू नकोस. अमली पदार्थ शोधणारे कुत्रे वेगळे असतात. त्यांनी खरवडले तरी चालते. एकाच कुत्र्याला दोन्ही कामे सहसा शिकवत नाहीत. कारण तो बसला तर समोर गांजा आहे की बॉम्ब, हे हस्तकाला कळायला पाहिजे ना! गांजा असेल तर बॅग उघडायची, बॉम्ब असेल तर सगळ्यांना लांब न्यायचे.

आपल्या महाराष्ट्रात या कामात सर्वांत मोठे नाव झंजीरचे. तो मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला लॅब्रेडोर कुत्रा होता. पुण्यालाच शिकला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले, २५७ माणसे गेली. पण सगळी स्फोटके फुटली नव्हती. कितीतरी लपवलेली होती आणि ती कुठे आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. स्फोटांनंतर काही दिवसांतच झंजीरने धनजी स्ट्रीटवर उभी असलेली एक स्कूटर दाखवून दिली. तिच्यात आरडीएक्स आणि जिलेटिनच्या कांड्या भरलेल्या होत्या. रोज तिच्या बाजूने लोक जात-येत होते. झंजीरच्या नावावर एकूण ३३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६४०६ जिवंत काडतुसे अशी नोंद आहे. ३३२९ किलो म्हणजे किती? आमच्या गणिताच्या हिशोबाने कापसाचे तेहतीस क्विंटल. आपल्या घरी तेहतीस क्विंटल कापूस निघाला तर ठेवायला जागा पुरत नाही. एवढे स्फोटक मुंबईसारख्या गर्दीच्या शहरात पडून राहिले असते तर!

१६ नोव्हेंबर २००० रोजी झंजीर हाडांच्या कर्करोगाने गेला. आठ वर्षांचा होता. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. त्याच्यानंतरही चांगले कुत्रे झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे कामावर होते. म्हातारपणी ते विरारच्या एका शेतावर एकत्र राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. हे वाचून आमच्या वर्गातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आले होते. (नावे लिहू नका असे त्यांनी सांगितले आहे.)

झंजीर वेळेवर होता म्हणून लोक वाचले. कुत्रा वेळेवर नसला तर काय होते, त्याचीही एक गोष्ट आहे. ती विमानतळावरचीच आहे आणि आपल्याच देशाच्या विमानाची आहे.

२२ जून १९८५ चा दिवस. कॅनडा देशातल्या टोरांटो विमानतळावर एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानाचे सामान तपासले जात होते. बॅगा तपासायचे एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडले. मग हातात धरायचे एक लहान यंत्र बॅगांवरून फिरवले आणि बॅगा आत गेल्या. त्या दिवशी तिथल्या केंद्रीय पोलिसांचे स्फोटकशोधक कुत्रे हस्तकांसह प्रशिक्षणाला हजारो किलोमीटर दूर व्हँकुव्हरला गेलेले होते. विमान पुढे माँट्रियलला उतरले. तिथे तीन बॅगांचा संशय आला म्हणून त्या बाजूला काढून ठेवल्या आणि तिथल्या प्रांताच्या पोलिसांचा कुत्रा बोलावला. कुत्रा पोहोचला तेव्हा विमान उडून गेले होते. कुत्र्याने त्या तीन बॅगा हुंगल्या, त्यांत काही निघाले नाही. बॉम्ब होता विमानात गेलेल्या दुसऱ्याच बॅगेत. २३ जूनला आयर्लंडजवळ समुद्रावर असताना विमान फुटले. ३२९ माणसे गेली, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. पुढे कॅनडात चौकशी आयोग बसला. विमान आपण यायच्या आधीच निघून गेले होते, असे त्या कुत्र्याच्या हस्तकाने आयोगापुढे सांगितले.

आम्हाला या गोष्टीत सर्वांत जास्त काय लागले, तर त्या दिवशी कुत्रा चुकला नव्हता. त्याला कामच मिळाले नव्हते.

आपल्या देशात विमानतळ आधी राज्यांचे पोलीस सांभाळत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवून कंदाहारला नेले. त्यानंतर २००० सालापासून एकेका विमानतळाची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. या दलाची श्वानपथके असतात. लॅब्रेडोर, कॉकर स्पॅनियल असे कुत्रे त्यात जास्त दिसतात. हे कुत्रे आलेल्या मोटारी हुंगतात, बसायच्या जागा हुंगतात, कोणी बॅग टाकून गेले तर ती हुंगतात. धमकी आली की विमानही हुंगतात. आपल्या अंगाची तपासणी मात्र चौकटीच्या यंत्रातून आणि जवानांच्या हातांनी होते. अमेरिकेत काही कुत्र्यांना चालत्या गर्दीसाठी शिकवतात. माणूस चालत गेला की त्याच्या मागे हवेत वासाचा पट्टा राहतो, बैलगाडीमागे धूळ राहते तसा. कुत्रा तो पट्टा धरून माणसापर्यंत जातो. माणसाला थांबवावे लागत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या देशातल्या विमानांना शेकडो धमक्या आल्या. सगळ्या खोट्या निघाल्या. पण खोटी आहे हे तपासल्याशिवाय कसे कळणार? माणसे ताटकळली आणि कुत्रे राबले. कुत्र्याला सलग काम झेपत नाही. वीस-तीस मिनिटे मन लावून हुंगले की तो थकतो. उन्हात तर लवकरच. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांवर पारा जातो तेव्हा कुत्रे जीभ काढून धापा टाकतात ना? धाप टाकताना श्वास तोंडाने चालतो, मग नाकाचे काम मागे पडते. म्हणून त्यांना पाणी, सावली आणि विश्रांती द्यावी लागते.

आता चुकांचे. कुत्रा चुकतो का? चुकतो. आणि कधी कधी त्याचा माणूस त्याला चुकवतो. २०११ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. अठरा कुत्री आणि त्यांचे अठरा हस्तक घेतले. हस्तकांना सांगितले की लाल कागद लावला आहे तिथे वास ठेवलेला आहे. खरे म्हणजे कुठेच काही ठेवलेले नव्हते. तरी मिळून दोनशेहून जास्त वेळा "इथे आहे" अशी खूण झाली! माणसाच्या मनात जे होते ते कुत्र्याने त्याच्या उभे राहण्यावरून, दोरी धरण्यावरून ओळखले असावे. मालकाच्या मनातले ओळखण्यात कुत्रा हुशारच असतो. आमच्या मते या प्रयोगात कुत्री नापास झाली नाहीत, माणसे झाली. म्हणून चांगला हस्तक आपला अंदाज मनात ठेवतो आणि कुत्र्याला पुढे जाऊ देतो.

आता ब्लास्टिंगला जाणाऱ्या बाबांचा प्रश्न. सुरुंगाच्या कांड्यांमध्ये अमोनियम नायट्रेट असते आणि बॉम्बशोधक कुत्र्यांना तो वास शिकवलेला असतो. ते कण हाताला, कपड्याला, थैलीला लागतात. तेव्हा कुत्रा बाबांजवळ बसू शकतो. तो चुकला असे नाही म्हणता येणार. वास होता, त्याने सांगितला. वास कशामुळे लागला हे त्याला कळत नाही. ते विचारायचे काम जवानांचे. बाबांना बाजूला घेतील, थैली उघडतील, एका कापडाच्या तुकड्याने हात आणि थैली पुसून तो तुकडा यंत्रात घालतील, धंदा विचारतील. बाबांनी न घाबरता खरे ते सांगावे. विहिरीवर सुरुंग लावतो, असे सरळ सांगावे. काही सापडले नाही की पुढे जाता येते. फक्त पळू नये, थैली लपवू नये आणि गमतीतही "बॉम्ब" म्हणू नये. कुत्र्याला बिस्किट देऊ नये, त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नये. तो कामावर असतो. आणि कामावर वापरलेले कपडे आणि थैली प्रवासाला नेऊच नयेत, म्हणजे हा घोळ होणार नाही.

हा लेख भिंतीवर लावायच्या आधी आम्ही मागच्या रांगेतल्या त्या मुलाला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "बाबायले नवी थैलीच घ्याव लागन."