अज्ञात तीन, मोकळा एकच

‘अमेरिकन इन्व्हिटेशनल मॅथेमॅटिक्स एक्झॅमिनेशन’ या स्पर्धा परीक्षेत २०११ साली एक प्रश्न आला होता. एका अन्वस्ताचं, म्हणजे पॅराबोलाचं, समीकरण आहे य = अ·क्ष² + ब·क्ष + क. शिरोबिंदू (१/४, −९/८). अ धन आहे आणि अ + ब + क ही बेरीज पूर्णांक आहे. तर अ ची लहानात लहान किंमत किती?

वाचल्यावर पहिली शंका येते की माहिती अपुरी आहे. अज्ञात तीन, आणि हातात काय, तर एक बिंदू आणि ‘पूर्णांक आहे’ एवढं मोघम विधान. बेरीज ५ की ५००, तेही सांगितलेलं नाही.

क तसा सरळ स्वभावाचा: वक्र उभ्या अक्षाला कुठे छेदतो ते सांगतो. अ वरून वक्र चिंचोळा की पसरट ते कळतं. ब मात्र खट्याळ. अ आणि क तसेच ठेवून ब शून्यापासून दूर नेत गेलं, तर वाटतं वक्र नुसता बाजूला सरकेल. सरकतो, पण सरकता सरकता खालीही उतरतो. आणि शिरोबिंदू ज्या वाटेने जातो ती वाटसुद्धा अन्वस्तच असते, फक्त पालथी! कागदावर काढून पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता तेच समीकरण पूर्ण वर्ग करून लिहू. दहावीत वर्गसमीकरणं सोडवताना वापरतात तीच युक्ती. (तिचा श्रीधराचार्यांचा नियम आपल्यापर्यंत पोहोचला तो भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त उद्धृत केला म्हणून, श्रीधरांचा स्वतःचा बीजगणितावरचा ग्रंथ हरवला आहे.) मिळतं ते असं:

य = अ(क्ष − १/४)² − ९/८

ब आणि क गेले कुठे? शिरोबिंदू ठरला तेव्हाच त्यांचं स्वातंत्र्य संपलं. ब = −अ/२ आणि क = अ/१६ − ९/८; अ म्हणेल तसं दोघांनी निमूट वागायचं. वक्र जणू टाचणीने एका जागी टोचलाय. आता तो फक्त चिंचोळा किंवा पसरट होऊ शकतो.

आणि अ + ब + क? मूळ समीकरणात क्ष च्या जागी १ ठेवा, नेमकी हीच बेरीज उरते. म्हणजे ती आहे क्ष = १ इथली वक्राची उंची. खरी गंमत मला इथे वाटते: रुक्ष दिसणाऱ्या बेरजेला चित्रात एक ठरलेली जागा मिळाली. ही जागा शिरोबिंदूपासून आडवी ३/४ अंतरावर, म्हणून तिथली उंची ९अ/१६ − ९/८.

अ धन, म्हणजे शिरोबिंदू हा वक्राचा तळ. उंची −१.१२५ च्या वरच हवी, पूर्णांक हवी, आणि अ लहानात लहान ठेवायचा तर कमीत कमी चढायला हवं. तळाच्या वरचा पहिला पूर्णांक −१. चढायचं फक्त १/८. म्हणून ९अ/१६ = १/८, आणि अ = २/९.

पडताळा घेऊ: ब = −१/९, क = −१०/९. तिघांची बेरीज −९/९, म्हणजे −१.

आता हेच अ − ब + क पूर्णांक आहे असं धरून करून बघा. उत्तर २/२५ यायला हवं.