चाकाची खुर्ची आणि मनाची उभारी

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे नाव आहे ‘चाकाची खुर्ची’. किशोरवयात त्यांचे कंबरेखालचे शरीर लुळे पडले आणि निराशेने त्यांना ग्रासले. स्वतः तशाच अवस्थेत असूनही उमेदीने जगणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले, आणि त्यांचे मन सावरू लागले. पुढे १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. पाय पूर्वीसारखेच होते. बदलले होते ते मन.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्या मुलांच्या बाबतीत हे काम अधिक अवघड असते. असे का, ते पाहू. या विकाराचा ‘डुशेन’ हा प्रकार मुख्यतः मुलग्यांत आढळतो. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात दोष असल्याने त्यांच्या शरीरात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नाही. स्नायुतंतूंचे आवरण ताणापासून सांभाळणे हे या प्रथिनाचे काम. ते नसले की तंतू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. लहानपणीच मूल वारंवार पडू लागते, मांड्यांवर हात टेकून उठते. बहुधा दहा-बारा वर्षांच्या सुमारास चालणे थांबते. स्टेरॉइड औषधांनी हा काळ लांबतो. पण विकार समूळ बरा होत नाही.

मज्जारज्जूला इजा झाली, तर बहुधा एकदाच मोठा आघात सोसावा लागतो. येथे मात्र आज जिना सुटतो, पुढे चालणे, नंतर हातांची ताकद. म्हणून प्रत्येक टप्प्याआधीच मनाची तयारी करावी लागते. मुलाच्या प्रश्नांना त्याच्या वयाला पेलतील अशी खरी उत्तरे द्यावीत. लपवाछपवीने भीती वाढते. खुर्चीकडे ‘हार’ म्हणून पाहू नये. पाय ओढत वर्ग गाठणारा मुलगा तासाला बसेपर्यंत दमलेला असतो; खुर्चीतून आलेल्याची शक्ती अभ्यासासाठी शिल्लक राहते. घरच्यांनीही त्याचे सारे निर्णय स्वतः घेऊ नयेत. कोणता सदरा घालायचा, कोणता खेळ खेळायचा, हे त्यालाच ठरवू द्यावे.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात या विकाराचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षकांनी अशा मुलाचा वर्ग तळमजल्यावर ठेवावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात असा सोबती असेल, तर खुर्ची ढकलण्यापूर्वी त्याला विचारा. क्रिकेटच्या सामन्यात गुणलेखक किंवा पंच म्हणून त्याला जरूर बोलवा.